निविदेतील माहितीची व्याख्या : जबलपूरच्या निमित्ताने

ग्रंथालये, अभिलेखागारे, न्यायालये आणि विद्यापीठे यांच्याजवळील संग्रह संगणकीय स्वरूपात आणण्यासाठी ज्या निविदा काढल्या जातात, त्यांत यंत्रसामग्रीविषयी पुष्कळ आणि माहितीविषयी थोडे लिहिलेले आढळते. सर्व्हरची क्षमता, कर्मचाऱ्यांची अर्हता, कंत्राटदाराची मागील तीन वर्षांची उलाढाल, विलंबासाठी दंड हे सर्व काटेकोरपणे नमूद केलेले असते. मात्र ज्या ग्रंथांसाठी व कागदपत्रांसाठी हा सारा खटाटोप, त्यांच्याविषयी कोणती माहिती, कोणत्या रूपात आणि कोणासाठी जतन करावयाची, याचा उलगडा ‘प्रणाली बहुभाषिक असावी’ आणि ‘शोधाची सोय असावी’ अशा दोन वाक्यांत उरकलेला असतो. कार्यालयीन व्यवहारात जिला ‘कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम’ म्हणतात, ती आशय-व्यवस्थापन प्रणाली विकत घेताना हा उणेपणा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो ध्यानात येतो पाच-सात वर्षांनी, एखादा अभ्यासक विशिष्ट हस्तलिखिताचा शोध घेऊ लागतो आणि संग्रहात असलेली वस्तू संग्रहात नाही असे उत्तर त्याला मिळते तेव्हा. साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने न सापडणारा ग्रंथ आणि नष्ट झालेला ग्रंथ यांत व्यवहारतः फारसा भेद उरत नाही. म्हणूनच हा विषय केवळ भांडारपालाचा किंवा संगणक-विभागाचा नव्हे. भाषेच्या आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अगत्याचे आहे.

केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या आवृत्तीतील नियम १४४ अन्वये, खरेदी करावयाच्या वस्तूचे गुण, प्रकार इत्यादी विनिर्देश संस्थेची विशिष्ट गरज लक्षात घेऊन स्पष्टपणे नोंदवावेत असे सांगितले आहे. त्याचबरोबर विनिर्देशांत अनावश्यक गोष्टींचा भरणा करू नये, असाही दंडक आहे. प्रत्यक्षात या नियमाच्या उत्तरार्धाचाच धाक अधिक वाटतो. भाषाविषयक तपशील ‘अनावश्यक’ ठरतील या भीतीने ते गाळले जातात आणि मग न्यूनतम दराचे तत्त्व आपले काम करू लागते. मागणीपत्रातील वाक्य जितके सैल, तितका त्याचा स्वस्तातला स्वस्त अर्थ लावणारा निविदाकार स्पर्धेत पुढे जातो. ‘मराठीत शोधाची सोय’ या कलमासमोर अनुपालनाच्या रकान्यात ‘होय’ असे लिहिण्यास कोणाचीच हरकत नसते, कारण ते असत्य ठरविण्याचे साधन मागणीपत्राने आपल्या हाती ठेवलेले नसते. ज्याने त्या कलमाचा खोल अर्थ घेऊन त्याप्रमाणे खर्च धरला, तो प्रामाणिकपणापायीच स्पर्धेबाहेर पडतो. दोष येथे निविदाकाराचा म्हणता येत नाही.

माहितीची गरज आधी ठरवून मग संग्रह उभा करणे ही गोष्ट संगणकाबरोबर जन्मास आलेली नाही. या दृष्टीने जबलपूर हे मोठे उद्बोधक ठिकाण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात विल्यम हेन्री स्लीमन याने ठगांच्या बंदोबस्तासाठी येथे जे दफ्तर उभे केले, ते माहिती-व्यवस्थापनाचा एक ठळक नमुना मानावे लागेल. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या घ्यावयाच्या, एकाने घेतलेली नावे दुसऱ्याच्या जबानीशी ताडून पाहावयाची, घराण्यांच्या वंशावळी मांडावयाच्या आणि या सर्वांच्या आधारे दूरच्या प्रांतातील संशयितासही ओळखावयाचे, अशी ही पद्धती होती. १८३५ मध्ये स्लीमनकडे या मोहिमेची सर्वाधिकारी सूत्रे आली. १८३६ मध्ये कलकत्त्यास ‘रामासीआना’ हा ठगांच्या सांकेतिक भाषेचा कोश प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीचा घटक असणे हाच जन्मठेपेस पात्र गुन्हा ठरला. या कायद्याने एखाद्या विशिष्ट खुनाच्या पुराव्याची निकड कमी झाली आणि टोळीशी असलेला संबंध सिद्ध करणाऱ्या माहितीचे मोल त्याच प्रमाणात वाढले. दफ्तरातील रकाने आणि कायद्यातील कलम एकमेकांना किती जुळते होते, हे येथे दिसते.

ज्या हेतूने हे दफ्तर रचले गेले, त्या हेतूला ते पुरेपूर उतरले. परंतु नंतरच्या अभ्यासकांच्या हाती त्यातून काय लागले, हा प्रश्न निराळा आहे. ठग म्हणजे एकसंध, पिढीजात व धर्मबद्ध बंधुसंघ होता काय, याविषयी राधिका सिंघा आणि किम वॅग्नर यांच्यासारख्या इतिहासकारांनी जी चिकित्सा केली आहे, तिचा मोठा भाग या दफ्तराच्या घडणीशीच झगडणारा आहे. वंशावळीचा रकाना ठळक असेल, तर उत्तरांतूनही वंशपरंपराच ठळक होऊन येते. भाषेच्या अभ्यासकाची अडचण याहूनही ठोस आहे. कोशातील शब्द रोमन लिपीत छापले गेले आणि साक्षीदारांशी झालेली संभाषणे इंग्रजीत दिली गेली. आघातचिन्हांवाचूनच्या रोमन लेखनात त आणि ट, द आणि ड यांचा भेद टिकत नाही. त्यामुळे एखादा शब्द मुळात हिंदीच्या कोणत्या बोलीतून आला किंवा दख्खनच्या भाषांशी त्याचे नाते जोडता येईल काय, हे ठरविण्याचा आधारच डळमळीत होतो. स्लीमनला त्या भेदाची गरज नव्हती, म्हणून तो नोंदला गेला नाही. एका प्रयोजनासाठी केलेली नोंद दुसऱ्या प्रयोजनाला अशी अपुरी पडते. निविदेचे मागणीपत्र लिहिणाऱ्याने ‘ही माहिती कोणाला हवी आहे’ हा प्रश्न कार्यालयाच्या चार भिंतींबाहेर जाऊन विचारणे का आवश्यक आहे, ते यावरून ध्यानी यावे.

याच्या अगदी उलट प्रकारचे उदाहरणही जबलपूरच्याच परिसरातले आहे. शहरालगतचे तेवर गाव म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. या घराण्याचे व कलचुरी-चेदी संवताचे कोरीव लेख महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकॅरम’ या मालेच्या चौथ्या खंडात संपादिले. तो खंड १९५५ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. कोरीव लेखांच्या संपादनाची जी परंपरा त्यामागे आहे, तीत प्रत्येक लेखाविषयी ठरीव बाबी सांगितल्या जातात : लेख कोठे सापडला, सध्या कोठे आहे, दगड वा ताम्रपट कोणत्या स्थितीत आहे, लिपी कोणती, भाषा कोणती, लेखनाची वैशिष्ट्ये काय, काळ कोणता, उल्लेखिलेली स्थळे आज कोणती, आणि त्यानंतर मूळ संहिता व तिचे भाषांतर. यातील एकही बाब दुसरीत मिसळू दिलेली नसते. भेडाघाट येथील, राणी अल्हणदेवीच्या मंदिरनिर्मितीची नोंद करणारा, कलचुरी संवत ९०७ म्हणजे इसवी सन ११५५ चा शिलालेख घ्यावा. तो सापडला नर्मदेकाठी आणि गेला अमेरिकेत, न्यू हेवन येथील अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात. ‘स्थळ’ असा एकच रकाना असलेल्या प्रणालीत या लेखाची नोंद करणाऱ्या कारकुनाने काय लिहावे? दोहोंपैकी काहीही लिहिले तरी एक सत्य नाहीसे होते.

कालनिर्देशाचेही तसेच. कलचुरी संवताचा आरंभ इसवी सनाच्या नेमक्या कोणत्या वर्षी मानावा, हाच दीर्घकाळ विद्वानांच्या वादाचा विषय होता. लेखातील मूळ आकडा ९०७ हा दगडावर आहे. ११५५ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. प्रणालीत केवळ निष्कर्षच साठविला आणि उद्या गणिताचा पाया बदलला, तर दुरुस्ती करण्यासाठी मूळ आकडा उरत नाही. मराठी कागदपत्रांत हा प्रश्न पदोपदी उभा राहतो. गढा-मंडल्याचा प्रदेश १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांच्या ताब्यात गेला, १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७-१८ च्या युद्धानंतर इंग्रजांकडे गेला. त्या काळातील मोडी कागदावर शके असेल, सुहूर सन असेल, फसली सन असेल. सुहूर सनाचे वर्ष मृगाच्या सुमारास बदलते आणि फसलीचा हिशेब दक्षिणेत एक व उत्तरेत दुसरा. जबलपूर हे या दोन हिशेबांच्या सीमेवरचे गाव. अशा कागदासाठी ‘दिनांक : दिवस-महिना-वर्ष’ एवढाच रकाना देणारी प्रणाली नोंद करणाऱ्याला अजाणता खोटे बोलावयास लावते. मागणीपत्रात म्हणावयास हवे ते असे : कागदावरील काल जसाच्या तसा, त्याची कालगणना, त्यावरून काढलेली इसवी सनातील पूर्वमर्यादा व उत्तरमर्यादा आणि हे रूपांतर कोणी केले, या बाबी स्वतंत्रपणे साठविल्या जाव्यात, आणि शोध मर्यादांवर चालावा.

‘डब्लिन कोअर’ नावाची जी पंधरा घटकांची नोंदपद्धती १९९५ च्या ओहायोतील बैठकीपासून जगभर रूढ झाली, तिचा उल्लेख केल्याने मागणीपत्र पूर्ण झाले असा एक समज आहे. त्या पद्धतीची उपयुक्तता वादातीत आहे. भारतातील शोधप्रबंधांचा ‘शोधगंगा’ हा संग्रह ज्या ‘डीस्पेस’ या मुक्त प्रणालीवर उभा आहे, तीही हीच पद्धती पायाभूत मानते. परंतु त्या पंधरा घटकांत ‘भाषा’ आहे, ‘लिपी’साठी स्वतंत्र घटक नाही. मोडीत लिहिलेले मराठी आणि देवनागरीत लिहिलेले मराठी हा भेद जेथे संग्रहाचा प्राण आहे, तेथे पायाभूत पद्धतीत भर घालावी लागते, आणि ती भर कोणती हे निविदाकार सांगू शकत नाही.

स्थळनामांचा विचार थोडा अधिक विस्ताराने करणे इष्ट आहे, कारण द्विभाषिक प्रांताचा वारसा जबलपुरात आजही ठायी ठायी भेटतो. मध्यप्रांत व वऱ्हाड हा हिंदी आणि मराठी जिल्ह्यांचा मिळून झालेला प्रांत होता. १९५० मध्ये त्याला ‘मध्यप्रदेश’ हे नाव मिळाले, तेव्हा त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि उच्च न्यायालय जबलपुरास आले. १९३६ पासून चालत आलेले नागपूरचे उच्च न्यायालय त्या रूपात संपले आणि नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. तेव्हा १९५३ मध्ये छापलेल्या एखाद्या मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘मध्यप्रदेश’ असे शब्द आढळले, तर ते आजच्या मध्यप्रदेशाविषयी काहीच सांगत नाहीत. ते पुस्तक अमरावतीचेही असू शकते. त्याचप्रमाणे १९५० साली जबलपूर जिल्ह्यातून निघालेल्या आणि नागपुरास निकाल लागलेल्या दाव्याची नोंद करताना निकाल देणारे न्यायालय, तेव्हाचा जिल्हा आणि आज त्या प्रदेशावर अधिकार असलेले न्यायालय या तीन निराळ्या गोष्टी आहेत. नावे आणि त्यांचा काल यांची जोडी बांधणारी अधिकृत नामसूची प्रणालीत असावी, असे मागणीपत्रात न लिहिल्यास ती असणार नाही.

शहराच्या नावाचाच प्रश्न पाहावा. मराठीच्या मान्य लेखननियमांप्रमाणे ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ, म्हणून मराठीत ‘जबलपूर’, हिंदीत ‘जबलपुर’. पण मराठीतही विभक्ती लागली की ‘जबलपुरात’, ‘जबलपुरास’ अशी ऱ्हस्व रूपे होतात. अक्षराला अक्षर जुळविणाऱ्या शोधयंत्राला ‘जबलपूर’ दिल्यास ते हिंदी नोंदी सोडून देईल आणि मराठी संहितेतील अर्धीअधिक रूपेही सोडून देईल. यात १९६२ पूर्वीच्या लेखनाची भर घालावी. अनुच्चारित अनुस्वार त्या वर्षीच्या नियमांनी गेले. त्याआधीच्या छापील मजकुरात ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरें’ अशी रूपे आहेत. एकोणिसाव्या शतकापासूनचा सारा मराठी गद्यसंग्रह या अनुस्वारांनी भरलेला असताना ‘नाव’ शोधणाऱ्याला ‘नांव’ सापडू नये, ही स्थिती कोणत्याही मराठी संग्रहाला लाजिरवाणी आहे. मूळ लेखन तसेच राखून, केवळ शोधापुरते त्याचे समानीकरण करण्याची अपेक्षा स्पष्ट शब्दांत नोंदविली पाहिजे. समानीकरणाच्या नावाखाली मूळ संहितेलाच हात लागणार नाही, हेही त्याच वाक्यात यावे.

अक्षरांच्या संगणकीय संकेतनात आणखी काही खाचा आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे पर्वतांतील खोल भाग. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत तर गुरू आणि स्वयंपाकी इतके अंतर आहे. मराठीतील हा ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. दिसावयास दोन्ही सारखे, यंत्राच्या लेखी दोन्ही भिन्न. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वी ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहीत, आणि आजही कित्येक जण तसेच लिहितात. ‘प्रणाली युनिकोडला अनुसरणारी असावी’ हे कलम या सर्व प्रकारांत अक्षरशः पाळले जाते आणि शोध मात्र फसतो. जुन्या छापखान्यांकडून येणाऱ्या धारिकांत तर बहुधा युनिकोडही नसते, विशिष्ट टंकांचे खासगी संकेतन असते. त्यांच्या रूपांतराची जबाबदारी कोणाची आणि त्यातील चुकीचे प्रमाण किती चालेल, हे आधीच ठरलेले बरे. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ मध्ये स्थान मिळाले आहे. म्हणून मोडी कागदाचे केवळ छायाचित्र ठेवावयाचे, देवनागरी लिप्यंतर ठेवावयाचे, की मोडीतील संहिताही ठेवावयाची, हा निर्णय संस्थेला घेता येतो आणि घ्यावाही लागतो. वर्णानुक्रमाची बाब लहान वाटते, पण क्ष आणि ज्ञ यांना क आणि ज यांच्या पोटात घ्यावयाचे की ळ नंतर ठेवावयाचे, हे कोणी न सांगितल्यास यंत्र पहिला पर्याय निवडते.

आता पैशाचा प्रश्न. छायांकनाचे दर बहुधा ‘प्रतिपृष्ठ’ मागविले जातात. छापील पुस्तकाला हा शब्द पुरतो. पोथीला पत्रे असतात; एका पत्राला दोन अंगे; पत्रांक बहुधा एकाच अंगावर. हस्तलिखितांच्या सूचीत ‘पत्रे ४०’ असे लिहिलेले असेल आणि सूचीवरूनच निविदेतील परिमाण काढले असेल, तर काम दुप्पट निघते आणि तंटा उभा राहतो. बाडांचा प्रकार याहून अवघड आहे. एका बाडात पाच-पंचवीस कवींची पदे, मध्येच एखादे आख्यान, मध्येच औषधाचा पाठ, शेवटी देण्याघेण्याचा हिशेब असे सारे असते. वस्तू म्हणून बाड एक. रचना म्हणून पन्नास. संग्रहातील वस्तू आणि तिच्यातील रचना या दोन पातळ्यांवर स्वतंत्र नोंद व्हावी, एका वस्तूत अनेक रचना आणि एक रचना अनेक वस्तूंत आढळू शकते हे प्रणालीने मानावे, ही गोष्ट मराठी हस्तलिखितांच्या बाबतीत टाळता येण्यासारखी नाही. मराठी काव्याचा मोठा भाग बाडांतूनच आपल्यापर्यंत आला आहे. तेव्हा पृष्ठ, पत्र, बाड, रचना, नोंद या शब्दांच्या व्याख्या मागणीपत्राच्या आरंभी देणे हे भाषाशुद्धीचे सोंग नव्हे. त्यावर देयके अवलंबून असतात.

वरील अपेक्षा मागणीपत्रात कशा शब्दांत मांडाव्यात, याविषयी थोडे. ‘सुलभ’, ‘परिपूर्ण’, ‘अद्ययावत’ ही विशेषणे तपासता येत नाहीत, म्हणून ती निरुपयोगी. अपेक्षेचे वाक्य असे हवे की तिऱ्हाईत माणसाने यंत्रासमोर बसून तिची पूर्तता झाली किंवा नाही हे सांगावे : ‘जबलपूर’ असे दिले असता जबलपूर, जबलपुर, जबलपुरात यांपैकी कोणतेही रूप असलेली नमुन्यातील प्रत्येक नोंद मिळावी, ‘दर्या’ असे दिले असता ‘दऱ्या’ असलेली नोंद मिळू नये. यासाठी संस्थेने स्वतःच्या संग्रहातून अवघड अशा वस्तू हेतुतः निवडून त्यांची छायाचित्रे व अपेक्षित नोंदी निविदेसोबत जोडाव्यात. सोपे नमुने निवडण्याचा मोह येथे टाळला पाहिजे. तुटकी पोथी, दोन भाषांचा कागद, काल नसलेले पत्र, कर्त्याच्या नावाविषयी वाद असलेले पद यांवरच प्रणालीची परीक्षा होते. निविदापूर्व बैठकीत हेच नमुने चर्चेला ठेवल्यास निविदाकारांनाही कामाचा खरा आवाका कळतो, आणि तांत्रिक मूल्यांकनात या चाचणीला गुण ठेवल्यास न्यूनतम दराच्या तत्त्वाला निदान समान पायरीवरून आरंभ करावा लागतो. नियमातील ‘अनावश्यक’ या शब्दाचे उत्तरही यातच आहे. प्रत्येक अपेक्षेपुढे संग्रहातील एखादी प्रत्यक्ष वस्तू दाखविता आली, की ती अपेक्षा वित्त-अधिकाऱ्यापुढे समर्थनीय ठरते. जिच्यापुढे अशी वस्तू दाखविता येत नाही, ती खुशाल गाळावी.

करार संपल्यावर काय, हा प्रश्न बहुतेक मागणीपत्रांत शेवटच्या पानावर असतो किंवा नसतोच. प्रणाली दहा वर्षे टिकली तरी पुष्कळ झाले. संग्रह शतकानुशतके टिकावयाचा असतो. कंत्राटदार बदलताना छायाचित्रांच्या मूळ प्रती, सर्व नोंदी, नोंदींमधील परस्परसंबंध, नामसूची, कोणी केव्हा कोणती दुरुस्ती केली त्याचा इतिहास आणि रकान्यांचे अर्थ सांगणारे टिपण हे सारे, कोणत्याही एका उत्पादकावर अवलंबून नसलेल्या स्वरूपात, विनामूल्य परत मिळावे, असे कलम हवे. त्यातही संबंधांचा उल्लेख विसरू नये. नुसती छायाचित्रे आणि नुसत्या नोंदी परत मिळाल्या, पण कोणते पद कोणत्या बाडाच्या कितव्या पत्रावर आहे हा दुवा जुन्या प्रणालीतच राहिला, तर नव्या प्रणालीत तीच बाडे पुन्हा पहिल्या पत्रापासून उलगडावी लागतात. हे परत देणे कराराच्या अखेरीस एकदाच न ठेवता दरवर्षी एकदा करून पाहावे आणि परत आलेल्या सामग्रीवरून निदान दहा नोंदी दुसऱ्या यंत्रावर उभ्या करून दाखवाव्यात. वार्षिक देखभालीचे देयक त्यानंतर मंजूर व्हावे.